गोठ्यातला समुद्र

हे प्रकरण लिहावं की नाही, यावर मी बरेच महिने घुटमळलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि छापलेल्या पानावर आपलं नाव यावं असं कोणाला वाटल्याचंही मला आठवत नाही. त्यातून विषय मासा. ज्या घरात मेथी निवडताना अळी चिरली जाऊ नये म्हणून आई पान न् पान उजेडात धरून बघायची, त्या लिंगायत घरातल्या माणसानं समुद्रातल्या माशावर लिहावं, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना हसू येण्यासारखंच आहे. ते हसले तर मी वाईट वाटून घेणार नाही. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याइतकं काही माझ्या हातून झालं नाही. आणि ज्या माणसाबद्दल मला खरं तर लिहायचं आहे, त्या माझ्या अक्काला विचाराल तर ती म्हणेल, "त्यात काय लिवायचं?" तरीही लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव हातकणंगल्याच्या जवळ. घरात आम्ही चौघं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अप्पांचा मिरचीचा व्यापार होता. व्यापार म्हणजे आठवड्याच्या बाजारातून मिरची घ्यायची, पुढच्या सोप्यात पसरून देठं काढायची आणि पोती भरून कोल्हापूरला धाडायची. त्यामुळे आमच्या घराचा मुख्य आवाज कुठला, असं कोणी विचारलं तर मी शिंकेचा म्हणेन. अप्पा शिंकले की मागच्या दारातून अव्वा शिंकायची, मग अक्का, मग मी. पाहुण्यांना वाटायचं की घरात साथ आली आहे. पहाटे स्टेशनवर गाडीची शिट्टी व्हायची, त्या सुमाराला अव्वाच्या भाकरीची थाप सुरू असायची. थाप, काठवटीचा खरखर आवाज, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी कारळ्याची, वर तेल. सणाला गव्हाची गोड हुग्गी. अव्वा रागावली की कानडीत बोलायची आणि माया आली की मराठीत. पहिलीपासून पदवीपर्यंत मी दोन्ही ऐकून घेतलं.

अक्काचं नाव गिरिजा. माझ्याहून थोडी मोठी. बारावीला तिला माझ्यापेक्षा चांगले मार्क होते, पण रोज पॅसेंजरनं कोल्हापूरला जायचं ते घरातल्या एकानंच, आणि तो एक कोण हे कोणाला विचारायचीही गरज पडली नव्हती. याबद्दल ती कधी बोलली नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो की माझ्या पिशवीतून पुस्तक काढून चुलीपुढं वाचत बसायची. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती असतात, हे मला परीक्षेत आठवलं ते तिनं भाकरी भाजता भाजता मोठ्यानं म्हटलं होतं म्हणून.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी आम्हाला घाटाखाली देवगडच्या बाजूच्या एका खाडीवर नेलं. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याचं वर्णन करण्याची माझी ऐपत नाही. माझ्या लक्षात राहिली ती ओहोटीनं उघडी पडलेली ओली वाळू. सरांनी फावड्यानं एक ढेकूळ उलटवलं तर आत पेन्सिलीएवढं जाड, वीतभर लांब, मातकट तांबूस असं काहीतरी वळवळलं. मला आधी गांडूळ वाटलं, मग सापाचं पिल्लू. सर म्हणाले, "मासा आहे." मी म्हणालो, "आमच्याकडं नदीत वांब असते तसा, सर. तिचं पोर." सर हसले. "सगळे तसंच म्हणतात. वामीचं पोर नव्हे हे. हा एवढाच असतो. पूर्ण वाढलेला आहे."

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं मुलांना सांगतो. हा मासा भरती आणि ओहोटीच्या मधल्या वाळूत बिळं करून राहतो. त्याच्या सारख्या ये-जा करण्यानं वाळूत हवा आणि पाणी खेळतं, नाहीतर खालचा थर काळा पडून नासला असता. तो बारीक कोलंबी, किडे, कुजकं काहीबाही खातो, आणि त्याला बगळे खातात, सुरय पक्षी खातात, मुडदुशी मासळी खाते, मोठ्या वामी खातात. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण तो एका वर्षी आला नाही, तर पक्ष्यांची पिल्लं उपाशी राहतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात मोठा मासा कमी पडतो. सर म्हणाले, "सगळ्यांना माहीत असतो तो वरचा आणि खालचा. मधला कोणी बघत नाही. तू बघ." आणि त्या एका वाक्यावर माझा प्रकल्प ठरला. हा मासा वाळूतून केव्हा वर येतो, काय खातो, पाणी बदललं की काय करतो, ते उन्हाळाभर बघायचं.

कॉलेज सुट्टीत बंद असायचं, म्हणून सरांनी प्रयोगशाळेतली एक जुनी काचेची पेटी आणि हवा सोडायचं यंत्र मला घरी न्यायला दिलं. तेलाचे कॅन राखेनं घासून घासून त्यात खाडीचं पाणी, ओली वाळू आणि मूठभर मासे घेऊन मी एसटीनं घाट चढलो. घरी अप्पांनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि उंबऱ्याकडं बोट दाखवलं.

"ह्याच्या आत न्हाय."

"अप्पा, अभ्यासाचं हाय."

"अभ्यास गोठ्यात कर. म्हस इकल्यापास्नं मोकळाच हाय की."

असा समुद्र आमच्या गोठ्यात आला. खाडीचं पाणी पेटीला पुरेना, म्हणून उरलेलं आम्ही आडाच्या पाण्यात खडेमीठ विरघळवून केलं. अक्का एका बोटानं खाडीचं पाणी चाखायची, दुसऱ्या बोटानं आमचं, आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "अजून एक मूठ." अव्वा दारातून बघायची. आंब्याचं लोणचं घालताना खार चाखायचं काम घरात अक्काकडंच असे, त्यामुळे तिला यात काही वावगं दिसलं नाही.

खरी अडचण खाण्याची झाली. अव्वाला वाटलं, घरात आलेला जीव उपाशी ठेवणं पाप. तिनं भिजवलेली डाळ घातली, भाकरीचा चुरा घातला, एकदा तर गुळाचा खडासुद्धा. मासे वाळूतून बाहेर येऊन बघतसुद्धा नव्हते. शेवटी मी कोल्हापुरातून सुकवलेला जवळा आणला. जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वाळवलेली कोलंबी. तिचा वास मात्र दाण्याएवढा नसतो. वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळून पिशवी पायांत धरून मी पॅसेंजरमध्ये बसलो. रुकडी यायच्या आधीच समोरच्या म्हाताऱ्यानं नाक हुंगलं.

"पावणं, पिशवीत काय मेलंय?"

"काय न्हाय. औषध हाय."

"कुणाला? मुडद्याला?" सगळा डबा हसला. म्हातारा माझ्या कपाळाकडं बघून म्हणाला, "वर इभूत आणि खाली जवळा. असं कोल्हापुरातच बघाय मिळायचं."

जवळा घालायचं काम अक्कानं आपणहून घेतलं. पहिले काही दिवस ती चुलीच्या जुन्या चिमट्यानं घालायची, मग राखेनं हात धुवायची, आंघोळ करायची, आणि मगच देवाच्या खोलीत जायची. पुढं चिमटा कधी सुटला ते तिलाही कळलं नसावं. दिवस कलला की ती गोठ्यात उकिडवी बसायची. वाळूतून आधी एक बारीक टोक यायचं, मग दोन ठिपक्यांएवढे डोळे, आणि मग मासा अर्धा बाहेर निघून पाण्यात गवताच्या पात्यासारखा डुलायचा. अक्काच्या बोटातून एक एक दाणा उचलायचा. वीज गेली की हवेचं यंत्र बंद पडे. अशा वेळी अक्का तांब्यानं पाणी वर उचलून पुन्हा पेटीत धार धरायची, वीज येईपर्यंत. तेव्हा वीज जायची ती तासन् तास. त्या धारेचा आवाज मला अजून कधी कधी नळ सोडला की ऐकू येतो. नळ बंद करायचं भान राहत नाही आणि घरातले ओरडतात.

सरांनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे समद्यांच्या ताटात ह्योच."

"व्हय."

"मग भाकरीगत म्हण की. कोण भाकरीचं नाव घेतंय? भाजी काय केलीया ते इचारत्यात." मी पुढं अनेक पुस्तकं वाचली, पण अन्नसाखळीचं याहून सोपं वर्णन मला कुठं सापडलं नाही.

उन्हाळा वाढला तसं पेटीतलं पाणी आटायला लागलं. आटेल तेवढं मी मिठाचं पाणी करून ओतत होतो. एक दिवस पाहिलं तर अव्वा पूजेनंतरचं तीर्थ तांब्यानं पेटीत ओतत होती. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की ते पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती एरवी बेलाच्या बुंध्यात घालायची. मासे आल्यापासून त्यांना घालू लागली होती, त्यांचंही भलं व्हावं म्हणून. मी घाबरलो. "अव्वा, साधं पाणी घालू नगं. मरतील."  दुसऱ्या दिवसापासून तीर्थ बेलाला गेलं.

त्यानंतर मासे वाळूवर येऊन पडायला लागले. एक मेला, मग आणखी काही. अक्कानं बोट बुडवून चाखलं आणि थुंकली. "मल्लू, लोणच्याच्या खारागत झालंय हे." मी स्टेशनाजवळच्या फोनवरून सरांच्या घरी फोन केला. सर हसत राहिले. "अरे, पाणी उडून जातं, मीठ कुठं उडतं? वरून साधं पाणी घालायचं असतं." म्हणजे इतके दिवस मी खारट करत होतो आणि अव्वाचं तीर्थ ते निस्तरत होतं, दोघांनाही पत्ता नव्हता. मी अव्वापुढं जाऊन उभा राहिलो. "तुझं तीर्थ घाल."

"काल नगं म्हणलास, आज घाल म्हणतोस. देवाचं पाणी हाय ते, तुझ्या कालेजाचं न्हाय." पण दुसऱ्या सकाळी तिनं तांब्या काठोकाठ भरून आणला.

दोन मासे वाचले. त्या संध्याकाळी अक्का बराच वेळ पेटीपाशी बसली होती. मी हाक मारली तेव्हा मागं न बघता म्हणाली, "मला एकदा ह्यांचं घर बघायचं हाय." मी म्हणालो, समुद्र म्हणतेस? ती म्हणाली, "समुद्र ऱ्हाऊ दे. ती वाळू. पाणी गेल्यावर दिसती म्हणालास ती." आमच्या घरात अक्का मागणारी नव्हती. साडीसुद्धा अव्वा आणेल ती. तिनं काहीतरी हवं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो, म्हणून मला ते वाक्य अगदी जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे.

वैशाखात अक्काला बघायला अथणीकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक काका. मुलाचं नाव बसवराज, तिकडं त्याचं दोरखंडाचं आणि नांगराच्या फाळांचं दुकान. अव्वानं सकाळपासून चुरमुऱ्याचा सुशीला केला होता, घर शेणानं सारवलं होतं, उदबत्त्या लावल्या होत्या. पण वारा गोठ्याकडून होता. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला.

"कसला म्हणायचा ह्यो वास?"

अव्वा घाईनं म्हणाली, "पेंड हाय गोठ्यात. भिजलीया."

"पेंडीचा वास कळतोय मला. दारात म्हशी हाईत आमच्या."

अप्पांनी घसा खाकरला. तेवढ्यात अक्का बशा घेऊन बाहेर आली. तिनं बशा खाली ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "जवळा हाय. माशाला घालते."

सोप्यात असा शुकशुकाट झाला की अप्पांनी आलेली शिंकसुद्धा दाबली.

"मासा?" ती बाई म्हणाली. "लिंगायताच्या घरात?"

"पाळलाय."

"खायाला?"

"बघायला."

अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली, ते सगळ्यांनाच कळलं, कारण पाहुणेही कानडीच. मला वाटलं, झालं, आता उठतील. आणि तो बसवराज उठलाच. पण चपला न घालता म्हणाला, "बघू की मग." तो गोठ्याकडं निघाला. त्याच्यामागं काका, काकाच्या मागं अप्पा, आणि शेवटी पदर नाकाशी धरून त्याची आई. आम्ही सगळे काचेच्या पेटीभोवती उभे राहिलो. आत पाणी आणि वाळू.

"कुठाय?" काकांनी विचारलं.

"आत हाय. जरा दम धरावा लागतोय," अक्का म्हणाली आणि तिनं एक दाणा पाण्यात धरला.

बराच वेळ काहीच झालं नाही. काका म्हणाले, "पोरगी बघाय आलाव आणि वाळू बघतोय." कोणी हसलं नाही. मग वाळू जरा फुगली, टोक वर आलं, आणि तो मासा हळूहळू उभा राहिला. बसवराज पेटीला नाक लावून बसला.

"ह्येचा उपेग काय?" काकांनी विचारलं.

अक्कानं सांगितलं. बिळांतून हवा कशी जाते, वाळू कशी नासत नाही, याला खाऊन पाखरं कशी पिल्लं वाढवतात आणि मोठे मासे कसे खाडीत येतात. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलीनं मान वर करून इतकं बोललेलं आमच्या गावात तरी कोणी पाहिलं नसेल. शेवटी बसवराज म्हणाला, "तुमी बघितलाय समुद्र?"

"न्हाय."

"मीबी न्हाय," तो म्हणाला आणि पुन्हा माशाकडं बघू लागला.

आठवड्यात होकार आला. मुलाच्या आईची एकच अट होती. हळदीच्या आधी तो मासा घरातून गेला पाहिजे, आणि जवळ्याचं नाव पुन्हा निघता कामा नये. अव्वा म्हणाली, नदीत सोडून ये. अक्का म्हणाली, "नदीत मरतील. सोडायचं तर जिथनं आणलं तिथंच." आणि त्या संध्याकाळी ती अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. अप्पा मिरच्यांची देठं काढत होते. मी दारात होतो.

"अप्पा, मल्लूबरोबर मी जाऊ?"

"कुठं?"

"मासं सोडाय. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं."

अप्पांचा हात थांबला नाही. ते रागावलेही नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटत राहिलं. ते अगदी समजुतीनं म्हणाले, "लगीन ठरलेली पोर घाट उतरून कुठं धाडायची, गिरिजा? वाटंत काय झालं तर मी त्यास्नी काय सांगू? लग्नानंतर जा की नवऱ्यासंगं. समुद्र काय पळून चाललाय?"

अक्का म्हणाली, "बरं." आणि मागच्या दारी जाऊन कॅन घासायला बसली. मी तिच्याजवळ गेलो तर म्हणाली, "तळाला वाळू घाल. हिसक्यानं धडपडतील न्हायतर." तिचा आवाज रोजच्यासारखा होता. तिनं तो कॅन राख लावून इतका घासला की त्यावरचं छापील चित्र निघून गेलं.

मी एकटाच गेलो. एसटी घाट उतरायला लागली तशी हवा दमट झाली आणि मांडीवरच्या कॅनमध्ये पाणी डुचमळत राहिलं. प्रत्येक वळणावर मी झाकण उघडून बघत होतो. खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी मागं सरकत होतं आणि वाळू उघडी पडत होती, ओली, चकचकीत, लहान लहान छिद्रांनी भरलेली. दूरवर बगळे एक एक पाऊल उचलून चालत होते. मी गुडघ्यावर बसलो, कॅन कलता केला, आणि ते दोन्ही मासे उथळ पाण्यात उतरले. त्यांनी जरा अंग सरळ केलं आणि डोकं खाली घालून वाळूत शिरले. वर दोन खळगे राहिले, ते पाण्यानं भरले, मग तेही दिसेनासे झाले. मी कितीतरी वेळ तिथंच बसून होतो. सगळं मन लावून बघायचं असं मी ठरवून आलो होतो, कारण मला ते एकट्यासाठी बघायचं नव्हतं. पण बघता बघता लक्षात आलं की मी काय सांगणार आहे त्याचीच जुळवाजुळव करतो आहे आणि समोरचं तेवढ्यात निसटतं आहे. वाळूचा रंग कसा सांगायचा? पाणी मागं जाताना एक बारीक आवाज येतो, शेकडो ठिकाणी एकदम पाणी जिरतं तसा. तो कसा सांगायचा?

घरी आलो तेव्हा अंगणात मांडव घालणं सुरू होतं. अक्कानं मला हात-पाय धुवायलाही दिलं नाही.

"शिरलं?"

"शिरलं."

"लगीच?"

"लगीच."

"मग तू काय केलंस?"

"बसलो."

"किती वेळ?"

"भरती यायला लागली तोवर."

मग ती म्हणाली, "वाळू कशी हाय?" मी सांगू लागलो. ओली आहे, पाय घोट्यापर्यंत जातो, वर छिद्रं असतात, उन्हात आरशासारखी दिसते. ती ऐकत होती, पण मला दिसत होतं की माझ्या शब्दांतून तिच्यापर्यंत काही पोचत नाही. शेवटी तिनंच माझी सुटका केली. "जाऊ दे. जेव चल. हुग्गी हाय." पुढच्या आठवड्यात तिचं लग्न झालं आणि ती अथणीला गेली. गोठा अव्वानं शेणानं सारवून घेतला, तरी भिंतीवर पेटीतून उडालेल्या पाण्याची, मिठाची पांढरी रेघ बरीच वर्षं राहिली.

मी पुढं शिकलो, कोल्हापुरातच कनिष्ठ महाविद्यालयात लागलो. पहिली नोकरी लागल्या लागल्या अक्काला म्हणालो, चल, सुट्टीत घाटाखाली जाऊ. ती म्हणाली, "पोरगं ल्हान हाय." पुढच्या वेळी सासूची तब्येत, मग दुकान, मग पोरांच्या परीक्षा. काही वर्षांनी मी विचारणं कमी केलं, कारण प्रत्येक वेळी ती हसून दुसरंच काहीतरी बोलायची आणि त्या हसण्यानं मला जास्त त्रास व्हायचा. तिनं मागितलं होतं ते एकदाच, आणि तेव्हा ते मिळालं नव्हतं. आता कोणी आणून हातात ठेवावं, हे तिला नको असावं. हा माझा अंदाज. विचारायचं धाडस मला झालं नाही. मी मात्र दर वर्षी मुलांना घेऊन त्या खाडीवर जायचो, ढेकूळ उलटवायचो, मुलं "गांडूळ, गांडूळ" म्हणायची. मी मधल्या माशाची गोष्ट सांगायचो. मुलं पांगली की वाळूकडं बघत राहायचो आणि वाटायचं, हे आपण अजूनही दुसऱ्या कोणासाठी तरी बघतो आहोत. अप्पा शेवटच्या आजारात एकदा आपण होऊन म्हणाले, "त्या टायमाला गिरिजाला धाडाय पायजे होतं." 

मोबाइल फोन तेव्हा आमच्याकडं नुकतेच आले होते. दुपारचा तास संपवून मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होतो, आणि दाजींचा फोन आला. मागं वाऱ्याचा इतका आवाज होता की आधी कोण बोलतंय तेच कळेना. दाजी म्हणजे तेच बसवराज, आमच्या अक्काचे यजमान. एरवी फोन करणारे ते नव्हेत, म्हणून मी डबा तसाच ठेवून उठलो.

"मल्लू, कामात हाईस काय?"

"न्हाय, बोला. अक्का बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. आमी गोकर्णाला आलोय, गावातली मंडळी घेऊन. ट्रॅक्स केलीया. तुझ्या अक्कालाच यायचं होतं, तिनंच समद्यांस्नी गोळा केलं. सकाळी देवळात महाबळेश्वराचं दर्शन झालं. आता जेवणाची पंगत बसलीया, ट्रॅक्सवाला हॉर्न मारून मारून दमलाय, आणि ही कुठं दिसंना म्हणून मी हुडकत आलो."

"कुठं हाय ती?"

"हाय की हितंच, माझ्या म्होरं. पाणी मागं गेलंय, तिथं वल्या वाळूत बसलीया. लुगडं निम्मं भिजलंय. हातानं वाळू उकरतीया आणि त्या भोकांत बघतीया. उठ म्हणलं तर उठंना. काय हुडकतीस म्हणून इचारलं, तर म्हणती, गप ऱ्हावा, पाय वाजवू नगा."  वारा वाजत राहिला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "म्हणून मी चपला हातात घिऊन हुबा हाय."